सलाईनची बाटली आणि मोडलेली नडगी

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. ऐन पावसाळ्याचे दिवस. आमच्या महाविद्यालयात अकरावीला असलेला एक मुलगा सायकलवरून घरी निघाला होता. वळणावर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचा धक्का लागला आणि तो रस्त्याकडेच्या चिखलात पडला. उजव्या पायाची नडगी मोडली. नुसती मोडली नाही, तर मोडलेल्या हाडाचे टोक कातडी फाडून बाहेर आले. त्याच रात्री रुग्णालयात जखम धुऊन, हाडात सळई घालून शस्त्रक्रिया झाली.

तिसऱ्या दिवशी मी त्याला भेटायला गेलो. त्याच्या वडिलांनी मला बाजूला व्हरांड्यात नेले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "सर, जखम नुसत्या मिठाच्या पाण्यानं धुतली हो. तेही वर टांगलेल्या बाटलीतून नळीनं सोडलेलं पाणी. साबण नाही, यंत्र नाही. मोठ्या दवाखान्यात जोराचा फवारा मारायचं मशीन असतं म्हणे. आम्ही गरीब म्हणून स्वस्तात उरकलं की काय?"

मी त्यांना धीर दिला खरा, पण मनातून मलाही त्यांचे म्हणणे पटले होते. खरकटे भांडे आपण कसे घासतो? साबण लावतो आणि नळ पूर्ण सोडतो. मग चिखलाने माखलेल्या हाडाला वेगळा न्याय का? पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या माणसाला प्रवाहाचा जोर आणि साबणाने कमी होणारा पृष्ठताण या दोन गोष्टी लगेच सुचतात. मला कोणी विचारले असते, तर मी बेधडक "साबण आणि फवारा" असेच सांगितले असते.

इतक्यात खाटेवरून मुलाने हाक मारली. त्याचा प्रश्न निराळा होता. "सर, डॉक्टर म्हणाले, हाडाच्या आत सळई आहे. ती जेवढी जाड तेवढी चांगली ना?"

त्या दोन प्रश्नांची उत्तरे शोधताना मला जे सापडले, ते तुम्हांला सांगतो.

प्रथम एक करा. गुडघ्याखाली पायाच्या पुढच्या बाजूवरून बोट फिरवा. कातडीच्या लगेच खाली टणक हाड लागते, होय ना? मध्ये स्नायू नाही, चरबीही फारशी नाही. हे नडगीचे हाड. मांडीच्या हाडाभोवती स्नायूंची जाड गादी असते. नडगीच्या पुढच्या अंगाला तसे काहीच नाही. म्हणून ती मोडली की तुकडा सहज बाहेर येतो. याला उघडा अस्थिभंग म्हणतात. कातडी शाबूत राहिली तर तो बंद अस्थिभंग. उघड्या अस्थिभंगात माती आणि जंतू थेट हाडापर्यंत पोहोचतात आणि हाडात शिरलेला जंतुसंसर्ग महिनोन् महिने हटत नाही. कधी कधी पाय गमावण्याची पाळी येते. तेव्हा जखम कशाने आणि कशी धुवावी, हा प्रश्न दिसतो तितका किरकोळ नाही.

याबाबत शल्यविशारदांतही एकमत नव्हते. प्रयोगशाळेत पाहिले तर जोराच्या फवाऱ्याने हाडावरचे जंतू अधिक निघत. पण प्राण्यांवरील काही प्रयोगांत असेही दिसले, की जोराच्या धारेने हाडाला इजा होते आणि घाण मऊ भागात आणखी खोल जाते. साबणाच्या बाजूनेही प्रयोगशाळेतला पुरावा होता. ज्याला जे पटले, ते तो करीत होता.

तुम्ही म्हणाल, यात अवघड ते काय? साबण वापरणाऱ्या डॉक्टरांचे रोगी आणि नुसते पाणी वापरणाऱ्यांचे रोगी यांची तुलना करावी. पण जरा थांबा. समजा, एका शाळेत 'अ' तुकडीला नव्या पद्धतीने गणित शिकवले आणि 'ब' तुकडीला जुन्या. परीक्षेत 'अ' तुकडी पुढे गेली. यावरून नवी पद्धत चांगली ठरते का? 'अ' तुकडीत आधीच हुशार मुले घातलेली असतील, तर ती कशीही पुढेच जाणार! रुग्णालयातही असेच होते. फार घाण जखम दिसली की डॉक्टर साबण घेणार, साधी असली तर पाण्यावर भागवणार. मग साबणाच्या गटातले रोगी अधिक बिघडले, तर दोष साबणाचा की मुळातल्या जखमेचा? ते कधीच कळणार नाही.

यावर उपाय इतका साधा आहे की हसू येईल. चिठ्ठी टाकायची. कोणत्या रोग्याला कोणता उपचार, हे डॉक्टरने न ठरवता नाणेफेकीसारख्या निव्वळ योगायोगाने ठरवायचे. म्हणजे तरुण आणि म्हातारे, साध्या आणि वाईट जखमा, धूम्रपान करणारे आणि न करणारे, सगळे दोन्ही गटांत सारखे विखुरले जातात. जे घटक आपल्याला माहीतही नाहीत, तेसुद्धा. वैद्यकात ही पद्धत रुजली ती ब्रिटनमध्ये स्ट्रेप्टोमायसिन हे क्षयावरील औषध असे तपासले गेले तेव्हापासून. ते निष्कर्ष १९४८ साली प्रसिद्ध झाले आणि त्या प्रयोगाच्या आखणीमागे ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल हे संख्याशास्त्रज्ञ होते.

आता आपल्या बाटलीकडे येऊ. उघडे अस्थिभंग धुण्याविषयीची अशी मोठी चाचणी कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठातील संशोधकांच्या पुढाकाराने झाली आणि २०१५ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, नॉर्वे आणि आपला भारत अशा पाच देशांतील ४१ केंद्रांनी तीत भाग घेतला. हातापायांचे उघडे अस्थिभंग झालेल्या २,४४७ रोग्यांची माहिती अखेरीस हिशेबात धरली गेली. पाण्याचा दाब तीन प्रकारचा ठेवला होता: जोराचा, मध्यम आणि अगदी कमी. धुण्याचे द्रव दोन: साबणाचे पाणी आणि साधे सलाईन. तीन गुणिले दोन म्हणजे सहा गट. एकाच चाचणीत दोन प्रश्न, एका दगडात दोन पक्षी! एक वर्षाच्या आत त्या जखमेसाठी किंवा हाडासाठी पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली का, एवढेच मुख्यतः मोजायचे होते.

यातला दाबाचा भाग आपल्या पुस्तकातला आहे. 'अगदी कमी' दाब म्हणजे दर चौरस इंचाला १ ते २ पौंड. सलाईनची बाटली जखमेपासून १ मीटर उंचीवर टांगली तर तिथे दाब किती येईल? घनता गुणिले गुरुत्वीय त्वरण गुणिले उंची, म्हणजे १००० × ९.८ × १ = ९,८०० पास्कल. दर चौरस इंचाला १ पौंड म्हणजे सुमारे ६,९०० पास्कल. भागाकार करा, साधारण १.४ पौंड येतात. म्हणजे त्या मुलाच्या डोक्यावर टांगलेली बाटलीच! आणि जोराचा दाब २० पौंडांहून अधिक होता. नुसत्या उंचीने तो मिळवायचा तर पाण्याची टाकी सुमारे १४ मीटर वर, चार मजली इमारतीच्या गच्चीवर न्यावी लागेल.

निकाल असा लागला. जोराच्या दाबाच्या गटात शंभरातील १३.२ रोग्यांना पुन्हा शस्त्रक्रिया लागली, मध्यम दाबाच्या गटात १२.७, अगदी कमी दाबाच्या गटात १३.७. म्हणजे फरक नाहीच म्हणा. यंत्र आणि टांगलेली बाटली सारखीच. साबणाचे मात्र आश्चर्य! साबणाच्या गटात १४.८ आणि नुसत्या सलाईनच्या गटात ११.६. साबण उपयोगी ठरला नाही एवढेच नव्हे, तर तो नुकसानीचा ठरला.

हा आकडा वाचून मी खुर्चीत मागे टेकलो. माझे भांडे घासण्याचे तर्कशास्त्र पार कोसळले होते. भांड्याला पेशी नसतात, हे मी विसरलो होतो.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. साबण आणि सलाईन यांतला फरक शंभरामागे जेमतेम तीन रोग्यांचा आहे. एखाद्या डॉक्टरने पन्नास रोगी साबणाने आणि पन्नास सलाईनने धुतले असते, तर एका बाजूला सात आणि दुसऱ्या बाजूला सहा असे काहीसे दिसले असते. त्यावरून कोण काय ठरवणार? नाणे दहादा उडवून सात वेळा छापा पडला तर आपण चकित होत नाही. हजारदा उडवून सातशे वेळा पडला, तर नाणे तपासायला घेतो. कितीही अनुभवी डॉक्टर असो, शंभरात तीनचा फरक एकट्याच्या अनुभवातून डोळ्यांना दिसणे अशक्यच. त्यासाठी हजारो रोगी आणि अनेक रुग्णालये लागतात.

आता मुलाचा प्रश्न. हाडाच्या पोकळीत लांब सळई ठोकून दोन तुकडे एका रेषेत धरायचे, ही पद्धत जर्मनीतील कील येथील गेर्हार्ट क्युन्ट्शर यांनी पुढे आणली. १९३९ च्या नोव्हेंबरात त्यांनी मांडीच्या मोडलेल्या हाडात पहिली सळई घातली. तोवर असा रोगी वजने टांगून आठवडेच्या आठवडे खाटेला खिळून राही. पुढच्याच वर्षी बर्लिनमध्ये त्यांनी आपले काम मांडले, तेव्हा अनेक सर्जनांना ते अघोरी वाटले. मग महायुद्ध. युद्धानंतर जर्मनांच्या कैदेतून सुटून आलेल्या काही सैनिकांची क्ष-किरण चित्रे काढली, तर मांडीत लांबच लांब धातूची सळई! इतर देशांतील अनेक डॉक्टरांना या पद्धतीचा पत्ता लागला तो असा.

पुढे प्रश्न आला जाडीचा. पोकळी असते तेवढीच ठेवली तर सळई बारीक घालावी लागते. गिरमिटासारख्या फिरत्या हत्याराने ती कोरून रुंद केली, तर जाड सळई बसते. भरीव सळईचा वाकण्याला होणारा विरोध व्यासाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढतो. ९ मिलिमीटरऐवजी ११ मिलिमीटरची सळई घेतली तर तो सव्वादोन पटींच्या जवळ जातो. मग कोरावेच, असे आपण म्हणू. पण हाडाच्या आतल्या भागाला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या त्याच पोकळीत असतात आणि कोरताना त्या तुटतात. हाड जिवंत आहे. त्याला जुळायला आधार हवा, तसेच रक्तही हवे. एका बाजूला पदार्थविज्ञान, दुसऱ्या बाजूला जीवशास्त्र, आणि वर्षानुवर्षे वाद.

याचीही चाचणी झाली. कॅनडा, अमेरिका आणि नेदरलँड्समधील २९ केंद्रांत, नडगी मोडलेल्या १,२२६ रोग्यांवर. निष्कर्ष २००८ साली आले. सळई कोरून घातली की न कोरता, हे सर्जनपासून लपवता येत नाही, कारण ते त्याच्याच हातचे काम. म्हणून निकाल ठरवणाऱ्या तज्ज्ञांपासून ते लपवले. शिवाय एक शहाणपणाचा नियम केला: हाड जुळत नाही म्हणून पुन्हा शस्त्रक्रिया करायची झाल्यास सहा महिने थांबायचे. नाहीतर बारीक सळईवर विश्वास नसलेला सर्जन तिसऱ्याच महिन्यात पुन्हा सुरी हातात घेणार! या थांबण्याचाच केवढा फायदा झाला. हाड न जुळल्यामुळे सळई बदलणे किंवा दुसरीकडचे हाड आणून बसवणे, हे शंभरात पाचांनाही करावे लागले नाही.

आणि सळईचे काय? बंद अस्थिभंगात कोरलेल्या ४१६ जणांपैकी ४५ जणांना पुन्हा शस्त्रक्रिया किंवा तशी अडचण आली, न कोरलेल्या ४१० जणांपैकी ६८ जणांना. म्हणजे कोरणे बरे. यातला बराचसा फरक सळईला हाडात अडकवून ठेवणाऱ्या लहान स्क्रूंच्या भानगडींमुळे पडला होता. उघड्या अस्थिभंगात मात्र कोरलेल्या २०६ पैकी ६० आणि न कोरलेल्या १९४ पैकी ४६. आकडे उलट दिशेला झुकलेले दिसतात, पण हा फरक निव्वळ योगायोगानेही पडू शकतो, इतपतच आहे.

जाता जाता आणखी एक. मोडलेल्या हाडावर श्राव्यातीत ध्वनिलहरी रोज थोडा वेळ सोडल्या की ते लवकर जुळते, असे मी वर्गात ध्वनीच्या पाठात मोठ्या उत्साहाने सांगत असे. शस्त्रक्रिया झालेल्या नडगीच्या ५०१ रोग्यांवर, निम्म्यांना हुबेहूब दिसणारे पण मुके यंत्र देऊन, याची तपासणी झाली. २०१६ चा निष्कर्ष: काही फरक नाही. ते उदाहरण मी आता वर्गात देत नाही.

तरीही एक शंका तुमच्या मनात राहिली असेल. माणसाच्या पायावर नाणेफेक करणे बरे का? दोन उपचारांपैकी चांगला कोणता हे डॉक्टरांना ठाऊक असेल, तर नाणेफेक हा गुन्हाच होय. पण ते खरोखरच ठाऊक नसेल, तर एरवीही रोग्याला कोणता उपचार मिळणार, हे तो कोणत्या डॉक्टरकडे पोहोचला या योगायोगावरच ठरते. चाचणीत निदान तो योगायोग उघडपणे, रोग्याची संमती घेऊन आणि नैतिक समितीच्या देखरेखीखाली होतो, आणि त्यातून पुढच्या रोग्यासाठी काही शिल्लक राहते.

हे सारे मी त्या वडिलांना सांगितले. आकडे त्यांनी फारसे ऐकले नाहीत. "म्हणजे बाटली चालते?" एवढेच विचारले. मी म्हटले, "चालते. आणि साबण घातला नाही हे बरंच केलं." मुलाला मात्र मी खरे ते सांगितले, की तुझ्यासारख्या उघड्या जखमेत सळईसाठी पोकळी कोरावी की कोरू नये, याचा निकाल त्या चाचणीतून लागलेला नाही. तो जरा हिरमुसला.

दिवाळीनंतर तो कुबडी घेऊन वर्गात आला. तास संपल्यावर वहीतले एक पान दाखवले. रुग्णालयातल्या स्टँडची उंची त्याने भावाकडून मोजून घेतली होती, त्यातून खाटेची उंची वजा केली होती. त्याचे उत्तर १.६ पौंड आले होते. गुणाकारात एक चूक होती, ती मी दुरुस्त करून दिली.