सगळ्यात सावकाश चालणाऱ्याच्या वेगाने

१९६६ साली अमेरिकेतल्या डॅलस शहरात विशीतले पाच निरोगी तरुण एका प्रयोगासाठी तीन आठवडे अंथरुणाला खिळून राहिले. उठल्यावर तपासणी झाली, तेव्हा त्यांच्या शरीराची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता, म्हणजे आजचे धावपटू आणि गिर्यारोहक जिला ‘व्हीओटू मॅक्स’ म्हणतात ती, पाव हिश्श्याहून अधिक घटली होती. तीस वर्षांनी याच पाच जणांची पुन्हा चाचणी झाली. आता ते पन्नाशीत होते, वजनं वाढली होती. तरीही त्यांच्यापैकी एकाचीही क्षमता त्या तीन आठवड्यांनंतरच्या पातळीच्या खाली गेलेली नव्हती. तीस वर्षांच्या वयाने केलं नाही, इतकं नुकसान तीन आठवड्यांच्या खाटेने केलं होतं.

हिमालयाची तयारी करताना जायबंदी झालेल्या प्रत्येकाच्या पोटात गोळा आणणारी ही हकीकत आहे. पण तिचा दुसरा भाग सहसा सांगितला जात नाही. त्या तरुणांनी अंथरुणातून उठल्यावर आठ आठवडे पद्धतशीर व्यायाम केला आणि गेलेली क्षमता भरून काढली. पन्नाशीतही सहा महिन्यांच्या व्यायामाने ते आपल्या विशीतल्या मूळ पातळीला पोहोचले. गेलेला दम परत येतो. ज्याचा घोटा पावसाळ्यात सिंहगड उतरताना मुरगळला किंवा ज्याची मोहीम हाड मोडल्यामुळे हुकली, त्याने आधी एवढं मनाशी पक्कं करावं.

दम लवकर येतो, तोच फसवतो

सराव थांबला की पहिल्या दोन-तीन आठवड्यांत जी घसरण होते, ती मुख्यतः रक्तातल्या द्रवाचं प्रमाण कमी झाल्यामुळे. हृदयाच्या प्रत्येक ठोक्यासरशी कमी रक्त बाहेर पडतं, म्हणून जिना चढतानाही धाप लागते. सराव सुरू केल्यावर हा द्रव थोड्याच दिवसांत वाढू लागतो. स्नायूंची ताकद त्याहून सावकाश येते. हाड जुळायला, ते कुठलं आणि कसं मोडलं यावर, सहा आठवड्यांपासून कित्येक महिन्यांपर्यंत वेळ लागतो. सर्वांत हळू भरतात ते अस्थिबंध आणि स्नायुबंध, कारण त्यांना रक्तपुरवठाच कमी असतो. घोट्याची सूज आठ-पंधरा दिवसांत उतरते, आतला अस्थिबंध मात्र पुढे कित्येक महिने पक्का होत असतो. गुडघ्यातला एसीएल हा अस्थिबंध शस्त्रक्रियेने नव्याने बसवला असेल, तर गुडघ्याला झटके आणि पीळ देणाऱ्या खेळाकडे नऊ महिन्यांच्या आत वळू नये, असं सांगितलं जातं.

गोम इथेच आहे. पाचव्या-सहाव्या आठवड्यात छाती साथ देऊ लागते, दुखणंही थांबलेलं असतं, आणि माणसाला वाटतं, झालो बरा. तो पाठीवर पंधरा किलोची सॅक घेऊन गड चढतो आणि उतरताना तोच घोटा पुन्हा दगा देतो. हिमनदीवर एका दोरात बांधलेला चमू त्यातल्या सगळ्यात सावकाश चालणाऱ्याच्या वेगाने चालतो. जखमी शरीरालाही हाच नियम लावावा. छाती किती पळू शकते हे न बघता, अस्थिबंध किती पेलतो ते बघावं.

चढ आधी, उतार नंतर, ओझं शेवटी

पाय प्लास्टरमध्ये असला तरी बाकीचं शरीर रिकामं बसवायचं कारण नाही. डॉक्टरांची हरकत नसेल, तर दंड, पाठ, पोट आणि धडधाकट पाय यांचा व्यायाम चालू ठेवता येतो. धडधाकट पायाला व्यायाम दिला, तर बांधून ठेवलेल्या पायाची ताकदही काही प्रमाणात टिकते, असं दिसून आलं आहे. ताकदीचा एक मोठा भाग मेंदू आणि मज्जातंतूंच्या सरावातून येतो, हे त्यामागचं कारण.

प्लास्टर निघाल्यावर फिजिओथेरपिस्ट पहिल्यांदा एका पायावर उभं राहायला लावतात. हा व्यायाम क्षुल्लक वाटतो, म्हणून अनेक जण टाळतात. पण मुरगळलेल्या घोट्याची ताकद जाते, तशी त्याची जाणही जाते. पाऊल तिरपं पडतंय हे मेंदूला उशिरा कळतं आणि तोवर उशीर झालेला असतो. डोळे उघडे ठेवून, मग मिटून, मग मऊ गादीवर असा तोल साधत गेलं, की ही जाण परत येते.

त्यानंतर सपाटीवर चालणं, मग रिकाम्या पाठीने चढ, मग उतार, आणि ओझं सगळ्यांत शेवटी. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराचं वजन रोखून धरतात. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना पाय लटपटतात ते त्यामुळेच. यावर गिर्यारोहकांमध्ये एक छान युक्ती आहे. ओझं म्हणून सॅकमध्ये पाण्याच्या बाटल्या भरायच्या, वर पोहोचल्यावर पाणी झाडांना घालायचं आणि हलक्या पाठीने उतरायचं. चढाईचा पूर्ण सराव होतो आणि गुडघा वाचतो. अंतर, चढ आणि वजन यांपैकी एका आठवड्यात एकच गोष्ट वाढवावी. दुसऱ्या दिवशी सकाळी सूज किंवा दुखणं वाढलेलं दिसलं, तर एक पायरी मागे यावं.

उंचीने दिलेला फटका

कळसूबाई १६४६ मीटर. महाराष्ट्रात याहून उंच जागा नाही. सह्याद्रीत पाय, फुप्फुसं आणि कातळावरचा हात तयार होतो, पण विरळ हवेची सवय इथे लागू शकत नाही. साडेपाच हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्मा असतो. त्याच्याशी जुळवून घेण्याचं काम तिथेच, दिवसादिवसाने करावं लागतं, आणि खाली आल्यावर काही आठवड्यांत ते पुसलं जातं. तंदुरुस्ती हे त्यापासून संरक्षण नव्हे. उलट दणकट माणूस भरभर वर जातो, म्हणून आजारीही पडतो.

या विषयाच्या जागतिक अभ्यासात भारतीय जवानांचा वाटा मोठा आहे. १९६२ च्या युद्धाच्या सुमारास सपाटीवरचे हजारो सैनिक झपाट्याने हिमालयात चढवले गेले. इंदर सिंग आणि सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये अशा १,९२५ सैनिकांमधल्या उंचीच्या आजाराचा अभ्यास प्रसिद्ध केला. आजही तो मूलभूत मानला जातो. तीन हजार मीटरनंतर मुक्कामाची उंची रोज पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावं, हा आजचा सर्वमान्य नियम.

उंचीमुळे ज्याच्या फुप्फुसात एकदा पाणी झालं, त्याला भरभर चढल्यास ते पुन्हा होण्याचा धोका इतरांपेक्षा बराच जास्त असतो. म्हणून त्याने पर्वत सोडावेत असं नाही, पण पुढच्या वेळी आणखी सावकाश चढावं, प्रतिबंधक औषधाबद्दल आधीच डॉक्टरांशी बोलावं आणि ही गोष्ट मोहिमेच्या नेत्यापासून लपवू नये. सर्दी-खोकला अंगावर काढत चढणंही टाळावं. हिमदंश झालेली बोटं तर दीर्घकाळ थंडीला हळवी राहतात. निघण्यापूर्वी रक्तातलं लोह तपासून घेणं, विशेषतः मुलींनी, फार गरजेचं. लोहच कमी असेल, तर उंचीवर नव्या तांबड्या पेशी पुरेशा बनत नाहीत.

गोष्टीतला गाळलेला काळ

१९७७ च्या जुलैत काराकोरममधल्या ‘ओगर’ शिखरावरून उतरताना ब्रिटिश गिर्यारोहक डग स्कॉट यांचे दोन्ही पाय घोट्यांजवळ मोडले. गुडघ्यांवर रांगत, साथीदारांच्या मदतीने ते खाली आले. १९७९ च्या मे महिन्यात ते कृत्रिम प्राणवायूशिवाय कांचनजंगा चढून गेले. अरुणिमा सिन्हा यांना एप्रिल २०११ मध्ये धावत्या रेल्वेतून ढकलून देण्यात आलं, एक पाय गुडघ्याखाली कापावा लागला आणि मे २०१३ मध्ये त्या कृत्रिम पायाने एव्हरेस्टवर पोहोचल्या.

व्यासपीठांवरून या कथा सांगताना अपघात आणि शिखर एवढंच सांगितलं जातं. अरुणिमांच्या दोन तारखांच्या मध्ये मात्र रुग्णालयातले महिने होते, कृत्रिम पायाशी जुळवून घेणं होतं, उत्तरकाशीचं गिर्यारोहण प्रशिक्षण होतं, ज्येष्ठ गिर्यारोहक बचेंद्री पाल यांचं मार्गदर्शन होतं आणि एव्हरेस्टआधी नेपाळमधल्या आयलंड पीकवरचा सराव होता. एकेक टप्पा पार करत त्या दोन वर्षं चालत होत्या. हा भाग गाळला, की जखमी मुलांना वाटतं जिद्द म्हणजे दुखणं दाबून चालत राहणं. मला ही समजूत घातक वाटते.

भीतीही सहज जात नाही. पाय बरा झाल्यावरही निसरड्या कातळावर पाऊल अडखळतं. ज्या प्रकारच्या जागी पडलो, तशाच पण सोप्या जागी, दोर लावून, विश्वासाच्या साथीदाराबरोबर पुन्हा पुन्हा जाणं हा त्यावरचा उपाय आहे. त्यालाही सरावाच्या वहीत स्वतंत्र जागा हवी.

आणि हे सगळं जखमी माणसाने एकट्याने करायचं नसतं. आपल्याकडे मोहिमा वर्गणीतून, देणग्यांतून उभ्या राहतात. निघण्याआधी सत्कार होतात, गावात फलक लागतात. अशा वेळी ‘यंदा नको’ म्हणणं हे त्या मुला-मुलीला विश्वासघातासारखं वाटतं, आणि म्हणूनच अर्धवट बरं झालेलं शरीर बर्फात नेलं जातं. क्लबांनी जखमी सदस्याची जागा पुढच्या मोहिमेसाठी राखून ठेवल्याचं स्वतःहून सांगावं. देणगीदारांनी पैसे पुढच्या वर्षीही चालतील असा शब्द द्यावा. घरच्यांनी ‘कधी निघणार?’ याऐवजी ‘आज किती चाललास?’ असं विचारावं. एवढा आधार मिळाला, तर गमावलेलं वर्ष हे प्रशिक्षणाचंच एक वर्ष ठरतं आणि पुढच्या मोसमात पर्वताकडे निघणारा माणूस पूर्ण बरा होऊन निघतो.