सूर्याच्या काठावरची तेजःशृंगे

खग्रास ग्रहणात चंद्राने सूर्यबिंब पुरते झाकले, की त्या काळ्या चकतीच्या काठावर कोठे कोठे लालसर जिभा दिसतात. मराठीत त्यांना तेजःशृंगे म्हणतात. ग्रहण सुटले, की ती दिसेनाशी होतात. मग एरवी ती जातात कोठे? कोठेच नाही. भर दुपारी अंगणात कंदील ठेवला तर त्याची ज्योत कोणाच्या लक्षात येते? तसेच हे. आज सकाळी आपण शेताला किंवा शाळेला निघालात, तेव्हाही ती बहुधा तेथेच असतील.

ही शृंगे आहेत तरी कशाची, याचा उलगडा आपल्याच मुलखात झाला. १८ ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणात पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानातून लेफ्टनंट जॉन हर्शेल यांनी, आणि तिकडे गुंटूरहून फ्रान्सचे जान्सेन यांनी, शृंगांचा प्रकाश वर्णपटदर्शकातून पाहिला. अखंड सप्तरंगी पट्टा दिसण्याऐवजी सुट्या चकचकीत रेषा दिसल्या. म्हणजे हा तापलेला वायू, त्यातही मुख्यतः हायड्रोजन. रेषा इतक्या ठळक होत्या, की दुसऱ्या दिवशी ग्रहण नसतानाही जान्सेन यांना त्या दिसल्या. लॉकियर यांनी हेच त्याच वर्षी ऑक्टोबरात इंग्लंडात साधले. १८६८ साली लॉकियर विजयदुर्गावर होते असे आपल्याकडे सर्रास सांगतात. ते खरे नाही. विजयदुर्गला ते आले १८९८ च्या जानेवारीतल्या ग्रहणासाठी. शिक्षकांनी एवढी दुरुस्ती जरूर करावी.

आता युक्ती समजून घेऊ. काळी काच धरली तर सूर्य मंदावतो, पण शृंगेही तेवढीच मंदावतात, फायदा शून्य. सूर्याचा प्रकाश मात्र सगळ्या रंगांत वाटलेला असतो आणि शृंगांचा मूठभर रंगांत एकवटलेला, त्यातही ६५६.३ नॅनोमीटरच्या तांबड्या रेषेत. तेवढाच रंग येऊ दिला, की सूर्याचे जवळजवळ सर्वस्व जाते आणि शृंगांचा मोठा वाटा हाती उरतो. हे काम करणाऱ्या गाळणीला हायड्रोजन-अल्फा फिल्टर म्हणतात. तिची फट ०.१ नॅनोमीटरहूनही अरुंद असते, म्हणून ती महाग. तांबडा जिलेटिन कागद लावून हे होणार नाही. डोळा मात्र जाईल. डाग पाहण्याच्या साध्या सौर फिल्टरमधूनही शृंगे दिसत नाहीत.

अशी गाळणी बसवलेली ४० मिलिमीटर भिंगाची सौर दुर्बीण गिरगावातल्या चाळीच्या गच्चीवरही चालते. रात्रीचे तारे शहराच्या दिव्यांनी बुडवले, सूर्याला त्याची बाधा नाही. बाधा आहे ती तापलेल्या पत्र्यांची. दहा-साडेदहानंतर गच्चीची फरशी आणि शेजारची छपरे गरम वाफा सोडू लागतात नि सूर्याची कड उकळत्या दुधासारखी हलते. म्हणून सकाळीच, सूर्य थोडा वर आला की काम उरकावे. परळ-लालबागला उंच इमारतींमागून तो उशिरा निघतो. तेथे दादरची मोकळी गच्ची बरी.

दुर्बिणीचे नाभ्यंतर ४०० मिलिमीटर असेल, तर कॅमेऱ्यात सूर्यबिंब जेमतेम पावणेचार मिलिमीटरचे पडते. त्या मापाने आपली पृथ्वी मिलिमीटरचा तिसावा हिस्सा! आणि कित्येक शृंगे पृथ्वीहून अनेक पटींनी उंच असतात. बिंब उजळ, शृंगे फिकी; एका छायाचित्रात दोन्ही नीट येत नाहीत. बिंब पांढरेफटक पडले तरी चालेल इतका वेळ शृंगांना द्यावा, बिंबाचे चित्र वेगळे घ्यावे, हवे तर मागाहून दोन्ही जोडावीत. एकाच चित्रावर विसंबू नये. थोडा वेळ चलच्चित्र घेऊन त्यातली स्थिर चित्रे संगणकावर एकावर एक रचली, तर हवेची थरथर बरीच निवळते. डोक्यावरून काळे कापड घ्यावे. उन्हात पडदा दिसत नाही.

दर पाच मिनिटांनी एक, असे तासभर घ्या आणि प्रत्येकावर तारीख-वेळ लिहा. काही शृंगे आठवडेच्या आठवडे चुंबकीय क्षेत्रात टांगलेली राहतात, एखादे तासाभरात उसळून निघून जाते. कोडाईकनालच्या वेधशाळेने विसाव्या शतकाच्या आरंभापासून अशी चित्रे जपून ठेवली आहेत.

मुलांसमोर दुर्बीण मांडाल तेव्हा भिंगापुढची गाळणी पक्की बसली आहे ना, हे दर वेळी स्वतः हाताने पाहा, आणि शोधकाच्या छोट्या दुर्बिणीवर टोपण ठेवा. पावसाळ्यात काम बंदच. गाळणी ओल शोषणाऱ्या पुड्या घालून हवाबंद डब्यात ठेवावी. मुंबईच्या दमट हवेत काचेला बुरशी धरायला वेळ लागत नाही.