घरच्या गॅरेजसाठी कार लिफ्ट निवडताना...

सिंहगड रस्त्यालगतचे धायरी २०१७ मध्ये पुणे महापालिकेत समाविष्ट झाले. येथील ज्या बंगल्यांच्या आवारात एकाच मोटारीपुरती जागा आहे, तेथे दुसरी मोटार रस्त्यावर उभी करावी लागते. त्यावर एका मोटारीवर दुसरी ठेवणारी लिफ्ट हा उपाय ठरू शकतो. मात्र, निवड चुकल्यास खर्च वाया जातोच, शिवाय जिवालाही धोका संभवतो.

पहिला प्रश्न उंचीचा. दीड मीटर उंचीच्या दोन मोटारी, मधला फलाट आणि वरची मोकळी जागा धरता सुमारे साडेतीन मीटर उंची लागते. स्लॅबखाली तेवढी जागा नसल्यास वरची मोटार तिरकी ठेवणाऱ्या लिफ्टचा विचार करावा.

दोन खांबांची लिफ्ट दुरुस्तीसाठी सोयीची. पण तिचा सारा तोल जमिनीतील बोल्टवर असतो. त्यामुळे नुसती फरशी चालत नाही, पुरेसे जाड काँक्रीट हवे. चार खांबांच्या लिफ्टमध्ये भार विभागला जात असल्याने मोटार दीर्घकाळ उभी ठेवण्यास ती अधिक योग्य. क्षमता ठरवताना मोटारीचे सामानासह वजन धरावे. बॅटरीमुळे विजेवरील मोटारी अधिक जड असतात.

उचललेली मोटार केवळ तेलाच्या दाबावर नव्हे, तर यांत्रिक खटक्यांवर विसावली पाहिजे. वीज गेल्यास ती हाताने उतरविण्याची सोयही आवश्यक. खालची मोटार हलविल्याशिवाय वरची उतरत नाही. म्हणून रोजची मोटार खालीच ठेवणे श्रेयस्कर.