वेळेच्या किंचित आधी

ज्या मुलुखात दिवसाच्या तिन्ही पाळ्या मोटारी, मोटारसायकली आणि त्यांचे सुटे भाग यांच्याच चिंतनात जातात, त्या पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात आगगाडीच्या नादी लागलेली माणसे भेटावीत, ही गोष्ट प्रथमदर्शनी काहीशी विसंगत वाटते. परंतु जुनी दप्तरे थोडी चाळली म्हणजे ही विसंगती फारशी उरत नाही. जिला येथील वयस्कर कामगार आजही टेल्को म्हणतात, ती कंपनी १९४५ साली जमशेदपूर येथे मुळात आगगाडीची इंजिने बांधण्याच्या उद्देशाने स्थापन झाली होती. आणि १९६६ साली तिने पुण्याच्या या बाजूस आपला कारखाना मांडला, तेव्हा व त्यानंतरही काही वर्षे, म्हणजे १९७० पर्यंत, जमशेदपुरात तिच्या हातून वाफेची इंजिने बाहेर पडतच होती. चाकणची कैफियत निराळी. तेथे अद्याप रेल्वे स्थानकच नाही, आणि पुणे-नाशिक लोहमार्गाचे नकाशे वर्षानुवर्षे नुसते या मेजावरून त्या मेजावर फिरत आहेत. तरीही या पट्ट्यात तयार झालेल्या मोटारी ट्रेलरवर चढून चिंचवडच्या मालधक्क्यावर येतात, आणि प्रवाशांच्या सेवेतून निवृत्त झालेल्या डब्यांच्या खिडक्या पत्र्याने बुजवून, टोकांना दारे बसवून सिद्ध केलेल्या ‘एनएमजी’ रेकमधून परमुलखास रवाना होतात. ज्या डब्यातून कधीकाळी माणसे खिडकीपाशी बसून चहा पीत गेली, त्याच डब्यात आता कोऱ्या मोटारी अंधारात ओळीने उभ्या असतात, हे पाहून माझ्यासारख्या रेल्वेवेड्याला जो विषण्ण आनंद होतो, त्याचे समर्थन मला कधी करता आलेले नाही.

मला जे तीन छंद जडले आहेत, ते म्हणजे गाड्यांची छायाचित्रे घेणे, संगणकावरील सिम्युलेटरमध्ये गाडी चालवणे आणि फुटबॉल पाहणे. हे तिन्ही एकाच माणसाच्या ठायी कसे काय एकत्र आले, असा प्रश्न स्नेहीजन वारंवार विचारतात. त्यांच्या मते पहिले दोन एका जातीचे आणि तिसरा उपरा. माझे मत असे की तिन्हींमध्ये एकाच शक्तीची परीक्षा होते: जी गोष्ट घडायची आहे तिच्यासाठी आपली कृती किंचित आधी करणे, आणि ती फार आधी मात्र न करणे. डोळ्यांनी पाहून मग हात हलवणारा माणूस या तिन्ही ठिकाणी उशिरा पोहोचतो.

छायाचित्रणाचेच घ्या. आकुर्डीच्या फलाटाशी न थांबता एखादी गाडी ताशी १०० किलोमीटर वेगाने निघून जाते, तेव्हा ती एका सेकंदात जवळजवळ २८ मीटर अंतर तोडते. कॅमेऱ्याचे शटर सेकंदाच्या हजाराव्या भागापुरते उघडले, तरी तेवढ्यात इंजिन पावणेतीन सेंटिमीटर सरकलेले असते. अडीचशेव्या भागापुरते उघडले, तर ११ सेंटिमीटर, म्हणजे इंजिनाच्या कपाळावरील क्रमांक पुसट व्हावा इतके. हा हिशेब यंत्राचा झाला. माणसाचा हिशेब याहून कठोर आहे, कारण डोळ्याने पाहिलेले बोटापर्यंत पोहोचण्यास सेकंदाचा पाचवा भाग सहज खर्च होतो, आणि तेवढ्या अवधीत गाडी साडेपाच मीटर पुढे गेलेली असते. म्हणून जाणते लोक गाडीकडे पाहत बसत नाहीत. ते आधी जागा मुक्रर करतात. लोहमार्गालगत विजेच्या तारा तोलून धरणाऱ्या खांबांवर लहानशा पाट्या असतात, त्यांवर मुंबईपासूनचे किलोमीटर आणि त्या किलोमीटरातील खांबाचा अनुक्रम लिहिलेला असतो. पुणे स्थानक या हिशेबाने १९२ किलोमीटरवर आहे. अमुक खांबाशी इंजिनाचे नाक आले की चित्राची चौकट भरते, हे आधी ठरवून, त्याच्या अलीकडच्या खांबावर लक्ष ठेवून बोट दाबावयाचे. आजचे कॅमेरे एका दमात वीस-वीस चित्रे काढतात, त्यामुळे ही विद्या निरुपयोगी झाली असे तरुण मंडळी म्हणतात. ती म्हणोत बापडी. परंतु वीसही चित्रांत खांब इंजिनाच्या तोंडावर आलेला असला, तर त्या विपुलतेचा उपयोग काय?

प्रकाशाचा प्रश्न मात्र कोणत्याही यंत्राने सुटत नाही, आणि आमच्या या मार्गावर तो मोठा मनोरंजक आहे. खंडाळा ते पुणे हा लोहमार्ग १४ जून १८५८ रोजी सुरू झाला, म्हणजे भोर घाटातील अवघड काम पुरे होण्याच्या सुमारे पाच वर्षे आधी. आणि पुणे-लोणावळा लोकल ११ मार्च १९७८ पासून त्यावर धावू लागली. कासारवाडी, पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, देहूरोड असा हा मार्ग स्थूलमानाने आग्नेयेकडून वायव्येकडे जातो. त्यामुळे सकाळी मुंबईहून येणाऱ्या गाड्यांच्या, उदाहरणार्थ इंद्रायणी एक्स्प्रेसच्या, मुखावर हिवाळ्याचे कोवळे ऊन थेट पडते. आणि सायंकाळचे ऊन मुंबईकडे जाणाऱ्या गाड्यांच्या वाट्यास येते. आता या न्यायाने डेक्कन क्वीनचे काय होते ते पाहा. १ जून १९३० रोजी सुरू झालेली, भोजनयानाचा डबा अद्याप मिरवणारी आणि दरवर्षी जिचा वाढदिवस पुणे स्थानकावर प्रवासी हौसेने साजरा करतात, अशी ही राणी सकाळी सव्वासातला पुण्याहून मुंबईकडे निघते, तेव्हा सूर्य तिच्या पाठीशी असतो. आणि रात्री आठ वाजून पंचवीस मिनिटांनी ती पुण्यास परतते, म्हणजे आमच्या गावांतून जाते तेव्हा तो केव्हाच मावळलेला असतो. परिणामी जिचे चित्र प्रत्येकाला हवे असते, तिचे मुख उजळून टाकणारे समोरचे ऊन चिंचवड-आकुर्डीत वर्षाच्या कोणत्याही ऋतूत मिळत नाही. उन्हाळ्यात तिची उजवी बाजू तेवढी तिरप्या किरणांत न्हाऊन निघते. म्हणून जाणकार लोक समोरून न घेता ईशान्येच्या अंगाने, जरा दूर उभे राहून, संपूर्ण गाडी पकडतात. २०२२ च्या जूनमध्ये तिला एलएचबी बनावटीचे नवे डबे मिळाले, तेव्हा रंगसंगतीविषयी घरोघर वाद झाले. माझी तक्रार सूर्याविषयी होती, आणि ती कोणत्याही कार्यालयात दाखल करून घेण्याची सोय नाही.

ज्यांना हा विलंबाचा आणि अंधाराचा प्रश्न फार छळतो, त्यांनी ओ. विन्स्टन लिंक या अमेरिकन छायाचित्रकाराची कामगिरी पाहावी. वाफेची इंजिने अखेरचा श्वास घेत असताना, १९५५ पासून पुढे काही वर्षे, त्याने नॉरफोक अँड वेस्टर्न या लोहमार्गावर रात्री चित्रे घेतली. सूर्य आपल्या सोयीने हलवता येत नाही, म्हणून त्याने सूर्यच रद्द केला आणि फ्लॅशच्या दिव्यांच्या रांगा तारांनी जोडून उभ्या केल्या. ते दिवे एकदाच पेटत आणि जळून जात. सबब गाडी येईल तेव्हा संधी एकच. १९५६ सालच्या त्याच्या सुप्रसिद्ध चित्रात मोटारीत बसून चित्रपट पाहणारे जोडपे, पडद्यावर विमान आणि पाठीमागून धावणारे वाफेचे इंजिन दिसते. फ्लॅशच्या झोतात पडदा पांढराफटक पडला होता, त्यामुळे विमान त्याला नंतर जोडावे लागले, ही त्यातील गंमत.

येथे एक सावधगिरीची सूचना करणे प्राप्त आहे. रुळांवर उतरून चित्र घेणे हा १९८९ च्या रेल्वे अधिनियमाच्या कलम १४७ खाली दंडनीय अपराध आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. आणि कायदा बाजूस ठेवला तरी, विजेवर चालणारी गाडी पाठीमागून किती निःशब्दपणे येते याची कल्पना पुष्कळांना नसते. फलाटाचे तिकीट काढावे, किंवा चिंचवडच्या एम्पायर इस्टेटजवळील उड्डाणपुलासारख्या उंच जागांचा विचार करावा; तो पूल महामार्ग, लोहमार्ग आणि पवना नदी एकापाठोपाठ एक ओलांडतो.

सिम्युलेटरचा छंद अनेकांना पोरखेळ वाटतो. पण कोथरूडला भाऊ जोशी यांनी १९९८ साली उघडलेले लघुरेल्वेचे संग्रहालय ज्यांनी पाहिले आहे, त्यांना खेळ आणि अभ्यास यांतील भिंत किती पातळ असते हे सांगावे लागत नाही. जपानमध्ये १९९६ साली ‘डेन्शा दे गो’ हा खेळ आला, त्यात वेळापत्रक पाळणे आणि फलाटाच्या खुणेवर नेमके थांबणे यांना गुण मिळत, वेगाला नव्हे. २००१ साली मायक्रोसॉफ्टचा ट्रेन सिम्युलेटर आला. त्यात इंग्लंड, ऑस्ट्रिया, जपान, अमेरिका येथील मार्ग होते, आपल्याकडचा एकही नव्हता; मग येथील हौशी तरुणांनी रात्री जागून भारतीय इंजिने, डबे आणि मार्ग स्वतःच रचले.

त्या खेळात नवख्याला पहिला धडा मिळतो तो ब्रेकचा. आपल्या गाड्यांत एका नळीतून सर्व डब्यांपर्यंत हवेचा दाब, सामान्यतः दर चौरस सेंटिमीटरला ५ किलोग्रॅम, भरून ठेवलेला असतो. चालक तो दाब कमी करतो तेव्हा ब्रेक लागतात. म्हणजे नळी तुटली तर गाडी आपोआप थांबावी, असा हा शहाणा बंदोबस्त. परंतु दाब उतरल्याची वर्दी इंजिनापासून शेवटच्या वाघिणीपर्यंत पोहोचण्यास वेळ लागतो, आणि लांब मालगाडीत पुढचा भाग मंदावू लागला तरी मागचा अजून ढकलतच असतो. भरवेगातील प्रवासी गाडीला थांबण्यास किलोमीटरभर अंतर लागू शकते. तेव्हा स्थानक दिसल्यावर ब्रेक लावणारा चालक ते स्थानक मागे टाकतो, आणि भीतीने फार आधी लावणारा फलाटाच्या अलीकडे, शेतात, प्रवाशांच्या शिव्या खात उभा राहतो.

भोर घाटाचा मार्ग सिम्युलेटरमध्ये चालवताना ही विद्या कसोटीस लागते. तेथे ३७ मीटर चालावे तर १ मीटर चढावे असा चढ आहे. पुण्याकडे येणाऱ्या गाड्यांना कर्जतला मागून बँकर इंजिने जोडतात आणि लोणावळ्यास सोडतात, हे सर्वांना ठाऊक असते. उताराची कहाणी कमी लोकांस ठाऊक. घाट उतरणाऱ्या गाडीला ठरावीक ठिकाणी पूर्ण थांबून आपला ताबा सिद्ध करावा लागतो. जी थांबू शकत नाही ती मुख्य मार्गावर न जाता चढणीच्या एका आडमार्गावर, ‘कॅच सायडिंग’वर, वळवली जावी अशी तजवीज इंग्रजी अमदानीपासून आहे. हल्लीची त्रिप्रावस्था (थ्री-फेज) विजेची इंजिने तर उतारावर वेग आवरता आवरता वीज निर्माण करून ती तारेत परत पाठवतात.

फुटबॉलचे आणि रेल्वेचे नाते मी ओढूनताणून जोडतो, असा आरोप आहे. वास्तविक मँचेस्टर युनायटेड हा संघ १८७८ साली न्यूटन हीथ येथील रेल्वेच्या डबे-वाघिणी खात्यातील कामगारांनी काढला. आपल्याकडे १९५८ साली ईस्टर्न रेल्वेच्या संघाने कलकत्त्याची लीग जिंकून मोहन बागान, ईस्ट बंगाल आणि मोहमेडन स्पोर्टिंग या तिघांची मिरासदारी मोडली. त्या संघात पी. के. बॅनर्जी होते, जे १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये भारताचे कर्णधार झाले आणि मोठ्या क्लबांकडे न जाता रेल्वेतच राहिले.

पण माझा खरा मुद्दा ऑफसाइडचा. सहकारी चेंडू मारतो त्या क्षणी जो खेळाडू प्रतिपक्षाच्या अर्ध्यात चेंडूच्या आणि शेवटून दुसऱ्या प्रतिस्पर्ध्याच्याही पुढे असेल, तो ऑफसाइड स्थितीत. चेंडू त्याच्यापर्यंत पोहोचतो त्या क्षणी नव्हे. म्हणून चांगला आघाडीवीर चेंडू निघण्यापूर्वीच धावू लागतो, पण चेंडू निघेपर्यंत त्या प्रतिस्पर्ध्याची रेषा ओलांडत नाही. आधी निघावयाचे, आधी पोहोचावयाचे नाही. पेनल्टीच्या वेळी गोलरक्षकाची अवस्था तर फलाटावरील छायाचित्रकाराचीच: ताशी १०० किलोमीटर वेगाने मारलेला चेंडू ११ मीटरचे अंतर सेकंदाच्या चार दशांशांत काटतो, तेव्हा चेंडू पाहून झेप घेण्यास अवसरच नाही, आणि फार लवकर झेपावला तर मारणारा दुसरी बाजू निवडतो.

आमच्या पट्ट्याला लागून असलेल्या बालेवाडीच्या क्रीडासंकुलात २०१४ पासून एफसी पुणे सिटीचे सामने होत, आणि पहिल्याच वर्षी डेव्हिड त्रेझेगे या विश्वविजेत्या फ्रेंच खेळाडूला तेथे प्रत्यक्ष पाहण्याचा योग पुणेकरांना लाभला. त्याआधीचा पुणे एफसी तर २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये दुसरा आला होता. दोन्ही संघ आज नाहीत. एफसी पुणे सिटीची जागा २०१९ साली हैदराबादने घेतली. उलट डेक्कन क्वीन नव्वदीपार होऊनही धावते आहे, त्याचे कारण तिचा तोरा नसून तिचे पासधारक, जे पावसात, संपात, लग्नसराईत ठरलेल्या डब्यात ठरलेल्या जागी येऊन बसतात. फुटबॉलला आमच्याकडे पाहुणे पुष्कळ आले, पासधारक थोडे. २०२२ साली महिलांच्या आशिया चषकाचे काही सामने बालेवाडीस झाले. आता कोणी आंतरमहाविद्यालयीन सामना कळवला, तर कॅमेऱ्याच्या पिशवीतले लांब भिंग घेऊन मी तिकडेच जातो, आणि गोलाच्या मागे, जाळीपासून थोडा बाजूस, ऊन पाठीशी घेऊन उभा राहतो.