विद्युतवाहिनी आराखड्यातील खांब-जोडणी संग्रह : कनेरगाव नाका परिसराच्या संदर्भात

हिंगोली व वाशीम जिल्ह्यांच्या सीमेवरील कनेरगाव नाका परिसरात 11 केव्ही वाहिनी आखताना शेतजमीन, महामार्ग आणि पूर्णा–अकोला लोहमार्ग यांचा विचार करावा लागतो. पीएलएस-कॅडसारख्या आज्ञावलीत खांब, क्रॉसआर्म, इन्सुलेटर व ताण यांची एकत्रित नोंद म्हणजे ‘जोडणी’ होय. सरळ, वळणाचा, शेवटचा व डीपी अशा प्रत्येक प्रकारास स्वतंत्र संकेतांक, साहित्ययादी आणि कोनमर्यादा असणे आवश्यक ठरते. वाहिनी 60 अंशांत वळल्यास प्रत्येक तारेमुळे खांबावर तिच्या ताणाइतकेच आडवे बल येते. सरळ जोडणीस मर्यादाच नोंदलेली नसेल, तर तिचा वळणावरील गैरवापर लक्षात येत नाही. काळी माती भिजल्यावर फुगते व वाळल्यावर भेगाळते. म्हणून तेथील पायाची नोंद वेगळी ठेवणे इष्ट होय.

संग्रहातील एक चूक ती जोडणी वापरलेल्या सर्व खांबांत उतरते. अंदाजपत्रक तर कोलमडतेच. वायरमनच्या जिवासही धोका संभवतो. म्हणून बदलाचा अधिकार एकाच जबाबदार अभियंत्याकडे असावा, जुनी नोंद न पुसता ‘कालबाह्य’ ठरवावी आणि नवी नोंद आयएस 5613 व मंजूर रेखाचित्राशी ताडूनच वापरास खुली करावी.