बंब साडेपाचला

रिंगास्किडी हे नाव आमच्या घरी कुणालाच धड घेता येत नाही. मिरजेच्या शेजारच्या काकू तर सरळ ‘तुझी ती रंगकिडी’ म्हणतात. कॉर्क शहराच्या दक्षिणेला, बंदराच्या काठावरचं हे छोटं गाव. एका अंगाला फ्रान्समधल्या रॉस्कॉफला जाणाऱ्या फेरीचा धक्का, दुसऱ्या अंगाला औषधांचे कारखाने आणि त्यांच्या उंच पवनचक्क्या. फायझरनं इथं १९६९ मध्ये पाय रोवले, मग एकेक करत बाकीच्या आल्या. ज्या निळ्या गोळीचं नाव मी आईसमोर घेत नाही, तिचं औषधही इथंच तयार होतं, आणि त्यावरचे विनोद नव्या माणसाला पहिल्याच आठवड्यात ऐकावे लागतात.

मी अशाच एका कारखान्यात क्वालिटी विभागात आहे. दिवसभर लिहिणं हेच काम. औषधाच्या प्रत्येक बॅचची जन्मकुंडली असते म्हणा ना: किती वाजता काय घातलं, तापमान किती, कुणी पाहिलं. आमच्याकडचा पहिला धडा असा, की लिहिलं नाही म्हणजे ते झालंच नाही. चुकलं तर खोडायचं नाही, व्हाइटनर तर गेटच्या आतसुद्धा नाही. एकच आडवी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, शेजारी सही, तारीख आणि कारण.

एवढं लिहिणाऱ्या बाईला स्वतःचं मात्र एक वाक्य सुचत नव्हतं.

कॉलेजात असताना मी कथा लिहायचे. दोन दिवाळी अंकांतही आल्या होत्या. इथं आल्यावरही कॉर्कमधल्या मराठी कुटुंबांच्या दिवाळीसाठी दरवर्षी एखादं प्रहसन लिहून द्यायचे. एप्रिल २०२१ मध्ये आप्पा गेले, करोनात. मी इथंच होते. शेवटचं दर्शन दादाच्या मोबाइलवर, तेही मधेमधे अडकणाऱ्या चित्रातून. दुसऱ्या दिवशी शिफ्टला गेले, कारण औषधांचे कारखाने बंद नव्हते. त्यानंतर लिहिणं थांबलं. थांबलंय हे कळायलाही काही महिने गेले.

जानेवारी २०२२ मध्ये दादाचा फोन आला. आप्पा मिरजेत मराठीचे शिक्षक होते. वर्षश्राद्धाला त्यांचे विद्यार्थी छोटी स्मरणिका काढणार होते. ‘‘तू दोन पानं दे. तुझ्याशिवाय कोण लिहिणार?’’ मी हो म्हटलं आणि रोज रात्री लॅपटॉप उघडून बसायला लागले. ‘आप्पा म्हणजे’ एवढं लिहायचं आणि पुसायचं. ‘आप्पा म्हणजे वटवृक्ष’ असंही एकदा लिहिलं. आप्पांनी ते लाल पेनानं गोल केलं असतं. होस्टेलवरून मी पाठवलेली पत्रंसुद्धा ते शुद्धलेखन तपासून परत पाठवत! खरं सांगायचं तर अडलं होतं ते इथंच. तपासणारा गेला होता.

मोठ्या लेखकांचं आठवून मन रिझवायचा प्रयत्न केला. नेमाड्यांच्या ‘झूल’नंतर ‘हिंदू’ यायला १९७९ ते २०१० अशी एकतीस वर्षं लागली. पण मधे त्यांची टीका आणि कविता चालूच होती, आणि दादाला एप्रिलपर्यंत पानं हवी होती. येट्सनं तर म्हातारपणी विषयच सापडत नाही यावर कविता लिहिली, ‘द सर्कस ॲनिमल्स डिझर्शन’. हे वाचून बरं वाटतं, पण पान कोरंच राहतं.

शेवटी नवरा म्हणाला, ‘‘उठ, जरा चालून ये.’’ गावाला लागून पूल ओलांडला की हॉलबोलिन बेट. तिथं आयरिश नौदलाचा तळ आहे. जुन्या पोलाद कारखान्याच्या मळीचा ढिगारा साफ करून त्यावर आता बाग केली आहे. तिथल्या बाकावर बसलं, की एकीकडे कोव्ह दिसतं, जिथून १९१२ मध्ये टायटॅनिक शेवटचे प्रवासी घेऊन निघाली, आणि अगदी समोर स्पाइक बेट. त्यावर जुना किल्ला, दुष्काळाच्या काळात, १८४७ मध्ये, कैदखाना झालेला. १८४८ च्या मे अखेरीस जॉन मिचेल या आयरिश बंडखोर संपादकाला इथं आणून पुढं बर्म्युडाला धाडलं. त्याची ‘जेल जर्नल’ सुरू होते ती त्याच दिवसांपासून. तारीख घालून, त्या दिवसाचं.

तुरुंग आणि लिहिणं म्हटलं की मिरजेतल्या माणसाला दुसरं काय आठवणार? ‘श्यामची आई’. साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात ९ फेब्रुवारी १९३३ ला लिहायला घेतलं आणि १३ तारखेला संपवलं. आप्पा दरवर्षी वर्गात ते वाचत आणि या तारखा फळ्यावर लिहीत. तारखेवर त्यांचा फार जीव. ‘‘विशेषणं कुणीही लावेल, तारीख सांग,’’ हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

बाकावर बसल्या बसल्या खिशातली कामाची डायरी काढली. वटवृक्ष, दीपस्तंभ सगळं बाजूला ठेवलं आणि शिफ्टच्या नोंदीसारखं लिहायला लागले.

सकाळी ६.००. बंब पेटवला. नारळाच्या शेंड्या, वर दोन ढलप्या. साक्षीदार: मी, पांघरुणातून.
६.४०. चहा. बशीतून. आवाज करत.
७.१०. पेपर. लाल पेनानं तीन चुका. संपादकांना पोस्टकार्ड.
१०.३०. शाळा. सदऱ्याच्या खिशात खडू, त्यामुळे धुण्यात कायम पांढरा डाग. आईची तक्रार प्रलंबित.
रात्री ९.००. माझी कथा वाचली. काही बोलले नाहीत. सकाळी पाटावर कथा, ‘परंतु’ दोनदा आल्याची खूण.

अर्ध्या तासात चार पानं झाली. हात गारठले, नाक वाहायला लागलं, रडत होते की वारा होता हे सांगता येणार नाही. बंदरातला वारा तसा कुणालाही रडवतो. फार चांगलं लिहिलंय असंही नव्हतं. पण प्रत्येक ओळ झालेली होती.

टाइप न करता पानांचे फोटोच दादाला पाठवले. आठ दिवसांनी त्याच्याकडून फोटो परत आले. त्यानं प्रिंट काढून आईला वाचायला दिले होते आणि आईनं पेन्सिल घेतली होती. ‘६.००’ वर एक आडवी रेघ, खालचं नीट वाचता येईल अशी, आणि शेजारी: ‘साडेपाचला. सहाला तर मी उठायची.’ ‘रागावत नसत’ यावर रेघ आणि ‘खोटं’. चहाच्या आवाजापाशी बरोबरची खूण. आमच्या ऑडिटरला दाखवावं असं काम. मी तिला नियम कधी सांगितले नव्हते. आप्पांबरोबर पन्नास वर्षं राहिल्यावर सांगायची गरजही नसावी.

शेवटच्या पानाच्या समासात तिनं स्वतःची एक नोंद घातली होती: ‘तू आयर्लंडला गेलीस त्या दिवशी बंब पेटवला नाही. दुसऱ्या दिवशीपण नाही. गार पाण्यानं आंघोळ केली, विचारलं तर म्हणाले शेंड्या संपल्या. शेंड्या होत्या.’

हे मला कुणी कधी सांगितलं नव्हतं.

दादानं विचारलं, ‘‘ही ओळ घालायची ना? मग कुठं घालू? बाकी सगळ्यांना वेळ आहे, हिला नाही.’’ मी म्हटलं थांब, आणि आईला फोन लावला. ‘‘आई, किती वाजता गं?’’

‘‘साडेपाचलाच की,’’ ती म्हणाली. ‘‘उठले होते. नुसते बंबापाशी बसले होते.’’