भीतीची स्मृती आणि निर्भयतेचे शिक्षण

अपघातातून किंवा नैसर्गिक आपत्तीतून बचावलेली व्यक्ती आपल्या चिकित्सालयात येते, तेव्हा तिची तक्रार बहुधा निद्रानाश, छातीत धडधड, अग्निमांद्य किंवा अकारण चिडचिड अशी असते. मूळ घटना ती आपणहून सांगत नाही. विचारल्यावर सांगते, तीही तुटक. सोबतचे नातेवाईक मध्येच म्हणतात, ‘आता तो विषय नको, त्रास होतो.’ घरातील मंडळींचा, शेजाऱ्यांचा आणि पुष्कळदा चिकित्सकाचाही सल्ला एकच असतो : झाले ते विसरून जा. जोडीला झोपेसाठी काहीतरी दिले जाते. हा सल्ला सद्हेतूने दिलेला असला तरी मेंदूच्या कार्यपद्धतीशी तो विसंगत आहे, असे गेल्या काही दशकांतील संशोधनावरून दिसते. प्रस्तुत लेखात आम्ही त्याचाच विचार करीत आहोत.

आघातोत्तर तणाव विकार, म्हणजेच पी.टी.एस.डी., हे निदान अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने १९८० साली आपल्या निदानपुस्तिकेच्या तिसऱ्या आवृत्तीत प्रथम समाविष्ट केले. व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या सैनिकांची अवस्था त्यामागे होती. प्रसंग पुन्हा घडत असल्यासारखा आठवणे, दुःस्वप्ने, आठवण करून देणाऱ्या गोष्टी टाळणे, विचारांत व भावनांत आलेली उदासीनता आणि सदैव दचकती, सावध वृत्ती ही त्याची लक्षणे होत. ती महिन्याहून अधिक काळ टिकली तरच हे निदान करतात. पहिल्या काही आठवड्यांत अशी लक्षणे अनेकांना होतात आणि त्यांतील बहुतेकांची आपोआप शमतात, हेही ध्यानात असावे.

अमिग्डला हा बदामाच्या आकाराचा भाग दोन्ही शंखप्रदेशांच्या आत, मेंदूत खोलवर असतो. संकटाची खूण ओळखून शरीरास सज्ज करणे हे त्याचे कार्य. एक उदाहरण घेऊ. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसरात भूकंप झाला. गणेश विसर्जनानंतरची ती रात्र होती. दगडमातीच्या जाड भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या. अशा प्रसंगातून वाचलेल्या माणसाच्या मेंदूत अंधार, भिंत, जमिनीचा गडगडाट आणि मृत्यू यांची एकच गाठ बांधली जाते. पुढे कधी रस्त्यावरून जड ट्रक गेला, फळीवरची भांडी वाजली, की विचार सुरू होण्यापूर्वीच हृदयगती वाढते, घाम सुटतो आणि पाय दाराकडे वळतात. ‘हा ट्रक आहे, भूकंप नव्हे’ हे स्थळकाळाचे भान देण्यात हिप्पोकॅम्पसचा वाटा असतो, आणि त्या भानाच्या आधारे अमिग्डलास आवर घालण्याचे काम कपाळामागील प्रीफ्रंटल कॉर्टेक्सचा आतील, खालचा भाग करतो. या विकारात हा लगाम सैल पडलेला आढळतो.

आता टाळण्याच्या वृत्तीकडे पाहू. माणूस धावत अंगणात येतो आणि त्यास तत्काळ हायसे वाटते. हे हायसे वाटणेच घातक ठरते, कारण बाहेर आलो म्हणून वाचलो, अशी नोंद मेंदू करतो. घरात थांबूनही काही झाले नसते, हे शिकण्याची संधी त्यास मिळतच नाही. वर्षानुवर्षे भीती ताजी राहते ती अशी.

भीती ओसरण्याच्या प्रक्रियेस मानसशास्त्रात ‘विलोपन’ म्हणतात. मात्र हा शब्द फसवा आहे. इव्हान पाव्हलॉव्ह यांच्या प्रयोगांत घंटेनंतर अन्न देणे बंद केले, तेव्हा कुत्र्यांची लाळ सुटणे क्रमाने थांबले. पण काही काळ विश्रांती देऊन पुन्हा घंटा वाजविली, तेव्हा ती परत सुटली. म्हणजे जुने शिक्षण नष्ट झाले नव्हते, दबले होते. अमेरिकेतील व्हरमाँट विद्यापीठाचे मार्क बाउटन यांनी उंदरांवर हेच अधिक स्पष्टपणे दाखविले. एका पिंजऱ्यात ध्वनीसोबत विजेचा झटका देऊन उंदरास भीती शिकविली, दुसऱ्या पिंजऱ्यात नुसता ध्वनी वारंवार ऐकवून ती घालविली. परंतु उंदीर पहिल्या पिंजऱ्यात परत नेताच भीतीही परतली. भीतीची स्मृती सहसा सर्वत्र लागू पडते, तर निर्भयतेचे शिक्षण जेथे मिळाले त्या स्थळाशी बांधलेले राहते. उपचारानंतर रुग्ण चिकित्सालयात शांत आणि घरी पूर्ववत, असे का घडते, याचा उलगडा यावरून होतो.

२००२ साली मोहम्मद मिलाद व ग्रेगरी क्वर्क यांनी पोर्टो रिकोमध्ये केलेल्या प्रयोगांत, विलोपन झालेल्या उंदरांना दुसऱ्या दिवशी तोच ध्वनी ऐकविला असता त्यांच्या प्रीफ्रंटल भागातील विशिष्ट चेतापेशी उद्दीपित होत असल्याचे दिसले. विलोपन न झालेल्या उंदरांमध्ये तो भाग विजेने उद्दीपित करताच त्यांचीही भीती घटली. पुढे २००९ साली मिलाद व सहकाऱ्यांनी पी.टी.एस.डी.चे रुग्ण तपासले. प्रयोगशाळेत निर्माण केलेली सौम्य भीती रुग्णांनी पहिल्या दिवशी इतरांप्रमाणेच आटोक्यात आणली; दुसऱ्या दिवशी मात्र ‘आता धोका नाही’ हे शिक्षण त्यांना पुरेसे आठवले नाही. म्हणजे रुग्णाची अडचण सुरक्षिततेची स्मृती वेळेवर हाती न येण्याची आहे. त्याला ‘विसर’ म्हणून सांगणे किती गैरलागू आहे, हे यावरून कळावे.

पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील एड्ना फोआ यांनी विकसित केलेली ‘प्रोलाँग्ड एक्सपोजर’ ही उपचारपद्धती याच तत्त्वावर उभी आहे. साधारणतः आठ ते पंधरा बैठका, आठवड्यास एक किंवा दोन, प्रत्येकी सुमारे दीड तासाची. रुग्ण डोळे मिटून तो प्रसंग वर्तमानकाळात, तपशिलांसह पुन्हा पुन्हा सांगतो. त्याचे ध्वनिमुद्रण घरी नेऊन रोज ऐकतो. त्याखेरीज टाळलेल्या पण वस्तुतः सुरक्षित अशा गोष्टींची चढत्या क्रमाने यादी करून तो त्यांना प्रत्यक्ष सामोरा जातो. महामार्गावरील अपघातातून वाचलेला मनुष्य आधी उभ्या मोटारीत बसेल, मग गल्लीत फिरेल, मग दिवसा महामार्गावर जाईल. भिन्न स्थळी, भिन्न वेळी सराव करण्याचे कारण उंदराच्या त्या दोन पिंजऱ्यांत आहे.

याने मेंदूत काय बदलते? २००७ साली ऑस्ट्रेलियातील किम फेल्मिंगहॅम, रिचर्ड ब्रायंट आदींनी आठ रुग्णांना उपचारापूर्वी व उपचारानंतर भयभीत चेहऱ्यांची चित्रे दाखवून मेंदूचे कार्यदर्शी चित्रण घेतले. लक्षणे जितकी अधिक कमी झाली, तितके अग्र सिंग्युलेट भागाचे कार्य वाढलेले व अमिग्डलाचे घटलेले आढळले. रुग्ण आठच होते, म्हणून त्यावर फार मोठी इमारत उभारू नये. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ६६ रुग्णांची यादृच्छिक विभागणी केली होती. त्यात ठळक बदल दिसला तो कपाळामागील अगदी पुढच्या भागात, तोही भावनांकडे जाणीवपूर्वक वेगळ्या दृष्टीने पाहण्याचे काम दिले असता. ‘उपचाराने अमिग्डला थंड होतो’ हे सुटसुटीत वाक्य व्याख्यानांतून फार ऐकू येते. वास्तव त्याहून गुंतागुंतीचे आहे. हिप्पोकॅम्पस आघातामुळे आक्रसतो, या समजुतीलाही २००२ साली मार्क गिल्बर्टसन यांच्या जुळ्या भावांवरील अभ्यासाने धक्का दिला. युद्धावर गेलेल्या रुग्ण सैनिकाप्रमाणेच, घरी राहिलेल्या त्याच्या जुळ्या भावाचाही हिप्पोकॅम्पस लहान आढळला.

आपल्या वाचकांना येथे चरकसंहितेतील उन्मादचिकित्सा आठवेल. दात काढलेला सर्प, माणसाळविलेला सिंह वा हत्ती यांच्याद्वारे रुग्णास घाबरविण्याचा उल्लेख त्या अध्यायात आहे, आणि काही उत्साही मंडळी त्यास एक्सपोजरचे मूळ म्हणतात. आम्हांस हे साम्य मान्य नाही. तेथे रुग्णास अकस्मात नवे भय दाखविलेले आहे. येथे रुग्णाच्या संमतीने, त्याच्याच भीतीस क्रमाने सामोरे जावयाचे आहे. साम्य शोधायचेच तर ते अहितकर सवय चतुर्थांशाने सोडण्याच्या पादांशिक क्रमात आणि भयज विकारांत सांगितलेल्या आश्वासनात अधिक सापडेल. तथापि साम्य म्हणजे पुरावा नव्हे. प्रशिक्षणाविना ‘सत्त्वावजय’ म्हणून रुग्णाकडून प्रसंग वदवून घेऊ नये. आघातानंतर लगेच एकाच बैठकीत सर्व वदवून घेण्याच्या ‘डीब्रीफिंग’ पद्धतीने पुढील विकार टळत नाही, हे सिद्ध झालेले आहे.

औषध विक्रेत्यांसाठी याहून निकडीची गोष्ट झोपेच्या गोळ्यांची. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ सालच्या मार्गदर्शक सूचनांत, आघातानंतरच्या पहिल्या महिन्यातील तणावलक्षणांसाठी डायझेपामच्या वर्गातील औषधे देऊ नयेत, असे स्पष्ट म्हटले आहे. ही औषधे भीती तात्पुरती बोथट करतात. अंमल असताना जे निर्भयतेचे शिक्षण होते ते अंमल उतरल्यावर उपयोगी पडेलच असे नाही, हे प्राण्यांवरील प्रयोगांत दिसले आहे. सवय लागते ती वेगळीच. भारतात अल्प्राझोलाम व डायझेपाम ही औषधे एच-वन अनुसूचीत आहेत. त्यांच्या विक्रीची स्वतंत्र नोंदवही तीन वर्षे जपावी लागते. तरीही जुन्या चिठ्ठीवर गोळ्या मागणारे ग्राहक दुकानात येतातच. त्यांना नकार देताना गोळी एकाएकी बंद न करण्याची सूचनाही द्यावी, कारण दीर्घकाळ घेतलेली गोळी अचानक थांबविल्यास झटके येऊ शकतात. मात्रा कमी करणे हे मूळ चिकित्सकाचे काम आहे.

आपल्या कपाटातील औषधेही तपासून पाहावीत. निद्रेसाठी सर्पगंधेचे योग सर्रास दिले जातात. त्यातील रेसर्पिनने रक्तदाब उतरतो आणि नैराश्य बळावू शकते. या विकाराच्या रुग्णांत नैराश्य तर वारंवार आढळते. तगरासारखी निद्राकर द्रव्ये झोपेच्या गोळीसोबत घेतल्यास गुंगी वाढण्याचा संभव असतो. अश्वगंधा, ब्राह्मी, जटामांसी यांचा झोप व पचन सुधारण्यापुरता साहाय्यक वापर करावयास आमची हरकत नाही, परंतु ‘पी.टी.एस.डी.वर औषध’ असे त्यांच्याविषयी सांगणे योग्य होणार नाही.

मग चिकित्सकाने करावयाचे काय? घटना घडून किती काळ लोटला हे विचारावे. रुग्ण काय काय टाळतो, याची नातेवाइकांकडूनही माहिती घ्यावी. ‘हल्ली तो बाजूच्या गावालाही जात नाही’ यासारखे उत्तर अनेकदा नाडीपेक्षा अधिक सांगून जाते. आत्महत्येचे विचार येतात का, हे सरळ शब्दांत विचारण्यास संकोचू नये. विचारल्याने ते बळावत नाहीत. महिना उलटूनही लक्षणे टिकली असतील तर मानसोपचारतज्ज्ञ किंवा चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ यांच्याकडे चिठ्ठी देऊन पाठवावे. जवळ असे कोणी नसल्यास ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेल्या टेलि-मानस या शासकीय सेवेचा १४४१६ हा निःशुल्क क्रमांक द्यावा. तेथे मराठीतून बोलता येते.